हेडफोनवर रोज गाणी ऐकतो, कान बिघडू नयेत म्हणून आवाज किती ठेवावा?

आवाजाबरोबर वेळही मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचं माप) आठवड्याला ४० तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला मुभा निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला जेमतेम ४ तास. खरी गडबड प्रवासात होते. बाहेरचा गोंगाट झाकायला आपण नकळत आवाज चढवत जातो. म्हणून कानात नीट बसणारे इअरबड किंवा नॉइज कॅन्सलिंग घ्या (रस्ता ओलांडताना मात्र काढाच). आवाज शांत खोलीत ठरवा, बाहेर पडल्यावर वाढवू नका. आयफोनच्या 'हेडफोन सेफ्टी'त कमाल डेसिबल ठरवता येतात. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा बोलणं दबल्यासारखं वाटलं, तर आवाज जास्तच होता. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येणं कमी झालं, तर त्याच दिवशी.