उंच गड्यासमोर: तो मधला दीड पाऊल

बॉक्सिंगमध्ये उंच गड्याशी कसं लढायचं, हा तुझा प्रश्न वाचून वीस-बावीस वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. तुझ्यासारखीच उंची ५ फूट ४ इंच, वजन ६२-६३ किलो. स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) समोर ५ फूट ११ इंचाचा गडी. लांब राहिलं तर नाकावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), आणि कोपऱ्यातून सगळे ‘आत घुस, आत घुस’ ओरडतात म्हणून घुसलं की अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा. वर तू विचारतोयस, वजन वाढवून ताकद कमवू का?

शेवटचं आधी निकालात काढतो. वजन वाढवू नकोस. वरच्या वजनगटात याहून लांब हातांचे भेटतील. २०१२ ला लंडनमध्ये मेरी कोमवर हीच वेळ आली होती. तिची जागतिक विजेतेपदं ४५, ४६, ४८ किलोची, पण ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी तीनच गट ठेवले होते आणि सगळ्यांत खालचा ५१ चा. तिनं तिथूनही कांस्य आणलं, पण उपांत्य फेरीत निकोला अ‍ॅडम्सनं उंचीचा आणि पायांचा पुरेपूर वापर करून ११-६ नं हरवलं. मेरीला दुसरा गटच नव्हता. तुला आहे.

शिवाय हिशेब असा बघ. तुम्ही दोघं एकाच वजनाचे. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेली वाढीव उंची कुठून तरी कापूनच आली असणार. तो तुझ्यापेक्षा अंगानं सडपातळ, लांब बरगड्यांचा आहे. निशाण तिथं आहे आणि तू मात्र सगळे पंच त्याच्या हनुवटीकडं, वर, पाठवतोयस. आमचे सर ओरडायचे, ‘काय बे, बोरं पाडायला आलास का?’

आता मुद्द्यावर येतो. ‘आत घुस’ हा सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. तुमच्या दोघांमध्ये तीन जागा असतात. एक, जिथं त्याचाही हात पोचत नाही. तिथं तू सुरक्षित. एक, जिथं तुझं कपाळ त्याच्या गळपट्टीच्या हाडापाशी असतं. तिथं त्याच्या लांब हातांना मोकळं व्हायला जागाच उरत नाही. आणि मधला साधारण दीड पाऊल, जिथं त्याचा पंच पोचतो आणि तुझा पोचत नाही. बुटका बॉक्सर हरतो तो या दीड पावलात उभा राहून. तिथं तू गार्ड घट्ट धरून विचार करत थांबतोस आणि तुला वाटतं आपण बचाव करतोय. तिथं थांबायचंच नाही. एक तर बाहेर, नाही तर पार आत.

मग तो दीड पाऊल ओलांडायचा कधी? माझे वडील यंत्रमागावर होते. लहानपणी कारखान्यात बसून मी तासन्‌तास धोटा बघायचो. या टोकाला जातो, त्या टोकाहून परततो. जॅब तसाच आहे. येतो आणि परत जातो. नवखा पोरगा जॅब खाऊन झाल्यावर, डोकं हललेलं असताना, चिडून उडी मारतो. तोवर दुसरा जॅब निघालेला असतो. तू त्याचा हात परतत असताना त्या हाताच्या मागोमाग आत जायचं. परतणारा हात मारू शकत नाही, तेवढीच फट. त्यासाठी पहिलं अर्धं मिनिट बाहेर राहून फक्त त्याची लय मोज. एक जॅब टाकून थांबतो की दोन टाकतो, जॅबआधी खांदा उचलतो की पुढचा पाय. बहुतेकांचा पाय आधी बोलतो.

दोघंही उजव्या हाताचे धरून सांगतो. त्याचा जॅब आला की डोकं तुझ्या उजवीकडं, म्हणजे त्याच्या डाव्या खांद्याच्या बाहेर काढ. हात तुझ्या डाव्या खांद्यावरून निघून जातो आणि त्याचा उजवा हात लांब पडतो. त्याच क्षणी तुझा उजवा सरळ त्याच्या पोटात. डोकं डावीकडं काढलंस तर जास्त मजा आहे, कारण तुझा डावा हुक (बाजूनं वळवून मारायचा ठोसा) भरून तयार असतो आणि समोर त्याची उजवी बाजू, यकृताची. पण त्या बाजूला त्याचा उजवा हातही वाट बघत असतो. म्हणून पहिले काही महिने बाहेरच्या बाजूनंच जा.

वाकायचं ते गुडघ्यात. कमरेत नाही. आपल्याकडची बरीच पोरं तालमीतून बॉक्सिंगला येतात. पट काढायची, म्हणजे खाली वाकून समोरच्याचा पाय धरायची, सवय अंगात असते, म्हणून पाय पसरून, पाठ पुढं टाकून, जमिनीकडं बघत आत शिरतात. कुस्तीत ते शहाणपण आहे, इथं ते अपरकटला दिलेलं आमंत्रण. तुला बसतोय तो अपरकट बहुधा इथूनच येतो. हनुवटी छातीशी असली तरी डोळे त्याच्या छातीवर पाहिजेत. तुला त्याचे बूट दिसले, की समज पंच निघाला. आणि डोकं पट्ट्याखाली गेलं तर रेफरी टोकतो ते वेगळंच.

जॅब फक्त उंचांचा असतो हा गैरसमजही टाकून दे. गुडघ्यात बसून छातीवर, पोटावर जॅब टाक. लागो न लागो, दोन-तीनदा टाकलास की त्याचे कोपर खाली येतात. मग एकदा तसंच बसल्यासारखं करून वरून मार. हे एवढं एक फसवणं नीट जमलं तरी पुष्कळ.

आत पोचल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि माझी पहिली मोठी लढत मी इथंच घालवली. आंतरमहाविद्यालयीन सामना, समोर लंबू पोरगा. पहिल्या फेरीत चार वेळा सुंदर आत गेलो. चारही वेळा तिथं पोचल्याच्या आनंदात एकच जोरदार हुक मारला आणि सरळ मागं आलो. सरळ मागं म्हणजे परत त्याच मधल्या दीड पावलात, तेही तोल मागं गेलेला. प्रत्येक वेळी उजवा खाल्ला. दुसऱ्या फेरीत तर मी आत जायलाच घाबरू लागलो. निकाल सांगायची गरज नाही.

म्हणून आत गेलास की एकावर थांबू नकोस. तीन-चार छोटे, कोपर अंगाशी ठेवून: पोट, पोट, मग वर. कपाळ त्याच्या खांद्याच्या खोबणीत टेकव, पण डोक्यानं ढकलू नकोस, ते फाउल. तुझे हात त्याच्या हातांच्या आतल्या बाजूला ठेव. उंच गडी आत सापडला की मिठी मारतोच. रेफरी ‘ब्रेक’ म्हणाला की दोघांना एक पाऊल मागं जावं लागतं आणि तू कमावलेलं अंतर फुकट जातं. म्हणून मिठी बसायच्या आधी काम उरक. बाहेर पडताना बाजूनं पड, उजवा पाय आधी, त्याच्या डाव्या खांद्याच्या बाहेरून. त्याच्या डाव्या हुकसाठी तुझा उजवा हात तेवढा गालावर असू दे. नाही तर बाहेर पडूच नकोस, चिकटून राहा. मॅनी पॅकियाओ आणि त्याहून उंच अँटोनियो मार्गारितो, या व्यावसायिक बॉक्सरांची नोव्हेंबर २०१० ची लढत काढून बघ. साडेचार इंचांचा फरक, आणि पॅकियाओ ज्या वाटेनं आत जातो त्या वाटेनं क्वचितच परततो. मारतो आणि कोनात निघून जातो. मार्गारितोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं होतं त्या दिवशी.

माइक टायसनचं सगळे सांगतात, मी थोडक्यात सांगतो. ५ फूट १० इंच, हेवीवेटमध्ये, म्हणजे जड गटात, बुटकाच, आणि १९८६ ला विसाव्या वर्षी जागतिक विजेता. पोरं त्याचे हुक बघतात. तू फक्त त्याचं डोकं बघ, एका जागी दोन सेकंद थांबत नाही.

रिंग कापणं, म्हणजे पळणाऱ्याची वाट अडवणं, ही दुसरी अडचण. उंच गडी मागं सरकतो आणि तू पाठलाग करतोस. पाठलाग करणारा कायम एक पाऊल मागं असतो आणि प्रत्येक पावलाला जॅब खातो. रिंग दोरांच्या आत ६.१ मीटरची, तो जाऊन जाऊन जाणार कुठं? तो डावीकडं निघाला की तूही आडवा सरक, त्याच्या वाटेत उभा राहा. बोळ आडवून गाय गोठ्याकडं वळवतात तसं. ज्यानं हे केलं नाही त्याचं काय होतं हे बघायचं तर हेवीवेट बॉक्सर अँडी रुइझच्या दोन लढती लागोपाठ बघ. जून २०१९ ला त्यानं चार इंच उंच अँथनी जोशुआला सातव्या फेरीत संपवलं, आत उभं राहून, जोशुआ मारत असतानाच मधून मारून. डिसेंबरला तोच रुइझ १५ पौंड वाढीव वजन घेऊन आला. जोशुआनं जवळ उभं राहायलाच नकार दिला, जॅब आणि पाय, बस्स. रुइझ बारा फेऱ्या त्याच्यामागं चालत राहिला आणि गुणांवर हरला. वजन वाढवण्याबद्दल अजून शंका असेल तर तीही यात फिटेल. उलट युक्रेनचा हेवीवेट उसिक बघ. मे २०२४, समोर सहा इंच उंच फ्युरी. पाचव्या-सहाव्या फेरीत मार खातोय, तरी पाय थांबत नाहीत, सतत थोडं पुढं, थोडं बाजूला. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लडखडला तो त्या चालीमुळं. अर्थात तो डावखुरा आहे, त्याची पावलं जशीच्या तशी उचलू नकोस. आणि त्याला बारा फेऱ्या होत्या. तुला तीन-तीन मिनिटांच्या तीनच मिळतील. लय मोजायला अर्धं मिनिट म्हणालो ते अर्धंच, पहिली फेरी दान करू नकोस.

सरावाला खर्च नाही. जुन्या मोज्यात ज्वारी भरून गाठ मार आणि नाकाच्या उंचीवर टांग. झोका दे, तो आला की डोकं बाजूला, परतला की एक पाऊल आत. वाळूपेक्षा ज्वारी बरी, लागली तरी टोचत नाही. (मी घरातली मालदांडी वापरली होती. आईनं त्यावरून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.) दुसरं, गच्चीवर खांद्याच्या उंचीला दोरी बांध आणि तिच्याखालून डावी-उजवी करत पुढं जा, पुढं-मागं, गुडघ्यातून. रोज तीन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात, जिना उतरवत नाही. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत उरक. आपल्या सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर सराव म्हणजे निव्वळ मूर्खपणा, मी केलाय.

स्पॅरिंगमध्ये पुढचे दोन आठवडे तू डोक्यावर एकही पंच मारायचा नाही असं त्या उंच मित्राशी ठरवून घे. तू फक्त अंगावर मारायचं, त्याला सगळी मुभा. हेडगार्ड आणि गमशील्ड (दातांचं कवच) घालूनच. डोक्याला लागून गरगरलं किंवा मळमळलं तर त्या दिवशीचं तिथंच बंद, डॉक्टरला दाखव, ‘काही नाही बे’ म्हणत परत उभं राहायचं नाही.

आणि एक काम. पुढच्या स्पॅरिंगला कुणाला तरी मोबाइल धरायला सांग, पण कॅमेरा कमरेखाली, फक्त चार पाय दिसतील असा. दमल्यावर तो कुठल्या बाजूला सरकतो ते मोज आणि इथं कळव. त्यावर पुढचं बोलू.