वाचकांचे प्रश्न : मावळतीकडे तोंड असलेली खोली

प्रश्न : माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला येत्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 40 वर्षे पूर्ण होत आहेत. दोघांचा सारा जन्म महाद्वार रोडवरचे दुकान सांभाळण्यात गेला. समुद्रात बुडणारा सूर्य निवांत बसून पाहावा, ही आईची फार जुनी इच्छा आहे. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातच आम्ही समुद्रकाठच्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये 'सनसेट व्ह्यू'चे जादा पैसे भरून खोली घेतली होती. पण तिन्ही दिवस सूर्य डावीकडच्या डोंगराआड गेला. तक्रार केली तेव्हा 'मे महिन्यात या, छान दिसतो' असे सांगण्यात आले. पुन्हा अशी फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे? अशा ठिकाणी एवढे पैसे घालणे योग्य आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर उर्मट असले, तरी फसगतीचे कारण त्यातच आहे. सूर्य पश्चिमेला मावळतो असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात नेमका पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबर महिन्यांतील विषुवदिनांच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या) सुमारास मावळतो. आपल्या अक्षांशावर 21 जूनच्या आसपास तो पश्चिमेपासून सुमारे साडेचोवीस अंश उत्तरेला आणि 22 डिसेंबरच्या आसपास तेवढाच दक्षिणेला सरकलेला असतो. हात समोर ताठ धरून मूठ वळली की तिची रुंदी डोळ्याला साधारण दहा अंश भरते; म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा क्षितिजावर जवळजवळ पाच मुठी सरकते. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले असता डिसेंबरातला सूर्य डावीकडे उतरतो, आणि त्या बाजूला एखादे भूशिर पुढे आलेले असेल तर तो त्याच्याआड जाणारच.

महाद्वार रोडवर दुकान असलेल्या आपल्या आई-वडिलांना हे वेगळ्या शब्दांत समजावण्याची गरज पडणार नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव याच हिशेबावर उभा आहे. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. परंपरेने 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तर तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. या दोन्ही तारखा 22 डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे सुमारे सहा-सहा आठवड्यांवर येतात, म्हणून दोन्ही वेळी सूर्य एकाच जागी, पश्चिमेच्या सुमारे अठरा अंश दक्षिणेला मावळतो. वाटेत एखादे बांधकाम आडवे आले किंवा क्षितिजावर ढग असला, तरी किरण अर्ध्यावर थांबतात. मावळतीसाठी वास्तू बांधणे म्हणजे काय, याचा इतका नेमका नमुना आपल्या गावात असताना 'सी फेसिंग' या दोन शब्दांवर कोल्हापूरकराने समाधान मानू नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्या तारखांना सूर्य पश्चिमेच्या सुमारे 23 अंश दक्षिणेला, म्हणजे होकायंत्रावरील 247 अंशांच्या आसपास, संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळेल. मोबाइलवरील उपग्रह नकाशात रिसॉर्टच्या जागेपासून त्या दिशेला एक सरळ रेष धरून पाहावी. ती केवळ पाण्यावरून जात असेल तरच पुढचे बोलणे करावे. त्यानंतर, ज्या खोलीचे पैसे भरणार तिच्याच पडवीतून डिसेंबरात काढलेले छायाचित्र मागावे. जाहिरातीतले छायाचित्र बहुधा मुख्य गच्चीवरून आणि सोयीच्या महिन्यात काढलेले असते.

राहिला पैशांचा प्रश्न. अशा ठिकाणी खरी किंमत संगमरवराला नसून आखणीला असते. केरळमधील कोवळमला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1969 ते 1974 या काळात उभारलेले बीच रिसॉर्ट उंच इमारतीसारखे न बांधता डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवले, त्यामुळे मागच्या खोलीपुढे पुढच्या खोलीचे छप्पर आडवे येत नाही. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी अहुंगल्ला येथील हॉटेलात पोहण्याचा तलाव अशा पातळीवर बेतला, की दालनातून पाहताना तलावाचे पाणी आणि समुद्र एकच वाटावेत. आज जिकडेतिकडे दिसणाऱ्या 'इन्फिनिटी पूल'ची करामतही साधीच आहे. तलावाची समुद्राकडची कड पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ठेवतात, तिच्यावरून ओघळलेले पाणी खालच्या टाकीत जमा होते आणि पंपाने परत वर येते. तळाला गडद रंगाच्या फरशा असतील तर मावळतीचे आकाश त्या पाण्यात अधिक ठळक उतरते.

मात्र पश्चिमेच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेली खोली मी घेणार नाही. दुपारी तीननंतरचे ऊन इतके तिरपे येते की छपराची पुढे आलेली कड त्याला अडवू शकत नाही. खोली तापते, दिवसभर पडदे ओढून एसी लावावा लागतो आणि ज्या समुद्रासाठी आलो तोच दिसेनासा होतो. कोकणातल्या जांभ्याच्या घराची खोल पडवी, तिला चिक म्हणजे बांबूच्या काड्यांचे गुंडाळते पडदे आणि पुढे माडांची विरळ सावली ही रचना जास्त शहाणपणाची आहे. चार वाजता चिक सोडावेत आणि साडेपाचला गुंडाळून घ्यावेत.

आई-वडिलांसाठी आणखी एक गोष्ट आधी विचारावी, ती म्हणजे पायऱ्यांची संख्या. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे भरतीरेषेलगत बांधकामावर बंधने आहेत, त्यामुळे चांगली ठिकाणे पुष्कळदा मागच्या टेकडीवर असतात. तिथून दिसते सुरेखच. समुद्रसपाटीपासून 30 मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 20 किलोमीटरवर जाते. पण जेवणघर खाली आणि खोली वर असेल तर गुडघेदुखी असलेल्या माणसाला ती चढ-उतार रोज परवडत नाही.

कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघालात तर जेवायला पोहोचाल. दुपारी निघून घाटात ट्रकांमागे अडकलात, तर पहिला सूर्यास्त गाडीतच होईल, आणि दोन रात्रींच्या मुक्कामात एक संध्याकाळ गमावणे म्हणजे निम्मे पैसे गमावणे होय.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये हीच ठिकाणे निम्म्या दरात मिळतात. तेव्हा जावे का? आणि सूर्य बुडाल्यावरच आकाश अधिक का रंगते?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : पाऊस पाहायचा असेल तर जरूर जावे, सूर्यास्त पाहायचा असेल तर जाऊ नये, कारण त्या महिन्यांत क्षितिज बहुतेक दिवस ढगांनी भरलेले असते. एप्रिल-मेमध्ये धूसरपणामुळे सूर्य पाण्याला टेकण्याआधीच विरून जातो. पावसाने हवा धुऊन निघाल्यानंतरचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने मला सर्वांत चांगले वाटतात.

रंगांचे म्हणाल, तर क्षितिजालगतच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार लांब थरातून येतो. निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो आणि तांबडा-नारिंगी तेवढा शिल्लक राहतो. सूर्य आपल्या दृष्टीने बुडाला तरी उंचावरच्या पिंजलेल्या ढगांना तो अजून दिसत असतो आणि त्यांना खालून उजळतो. बिंब पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात, पण त्यानंतर वीस-बावीस मिनिटे संधिप्रकाश टिकतो. बहुतेक मंडळी नेमकी तेव्हाच चहाला उठतात. आपण खुर्ची सोडू नये, आणि पडवीतले दिवे तेवढा वेळ बंद ठेवण्यास व्यवस्थापकांना आधीच सांगून ठेवावे. कोकणात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. त्यामुळे वाळूकडे तोंड केलेले दिवे रात्रीही बंद ठेवणाऱ्या ठिकाणाला मी चार पैसे जास्त देईन.