उत्तर: डिस्क मधेच गायब होते, सॅटा सोडून सॅस घ्यावी का?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. ४ टीबीची सॅटा डिस्क (सॅटा म्हणजे घरच्या मशीनमध्ये डिस्क मदरबोर्डला जोडायची नेहमीची पद्धत), मोठी फाइल कॉपी करताना वेग मधेच शून्यावर, टकटक आवाज नाही, थोड्या वेळाने डिस्क दिसेनाशी आणि मशीन बंद करून चालू केलं की परत हजर. त्यावर कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की सॅटा भरवशाचं नाही, सॅस (सर्व्हरमधली जोडणी) घ्या नाहीतर सरळ एनव्हीएमईवर (तबकडी नसलेल्या वेगवान एसएसडीवर) जा. थांबा, इतक्यात काही घेऊ नका. (बॅकअपबद्दल बोलत नाही, तो असेलच असं धरून चालतो.)

क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल चालवा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, म्हणजे स्मार्ट, ती दाखवणारे प्रोग्राम) आणि चारच ओळी बघा: ५, १९७, १९८ आणि १९९. पहिल्या तीन डिस्कच्या तबकडीबद्दल बोलतात: बदललेले सेक्टर, बदलाच्या रांगेतले सेक्टर, वाचताच न आलेले सेक्टर. १९९ म्हणजे सीआरसी एरर काउंट (सीआरसी म्हणजे डेटा पोचताना बिघडला का ते पडताळणारा आकडा). तो तबकडीबद्दल नाही, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेबद्दल बोलतो. क्रिस्टलडिस्कइन्फो ओळींचे हे क्रमांक मुळात हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) दाखवतं, तेव्हा १९९ ऐवजी सी७ दिसेल, गोंधळू नका.

माझ्या डिस्कवर पहिल्या तिन्ही ठिकाणी शून्य आणि १९९ मात्र रोज वाढत होता. डिस्क वॉरंटीत होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, नाव घेऊन काही फरकही पडणार नाही. आकड्यांचा कागद सोबत नेला होता. काउंटरवरच्या माणसाने त्याकडे न बघता "डिस्क खराब आहे, बदलून मिळेल" एवढं सांगून पावती फाडली. बदलून आली ती दुरुस्त केलेली, म्हणजे आधी कुणाच्या तरी मशीनमध्ये राबलेली डिस्क. बसवली, आणि पुन्हा तेच. पुन्हा तक्रार केली तर म्हणाले, "मग ही पण खराब असेल." माझी मूळ डिस्क मागितली, तर ती परत मिळत नाही हे तेव्हा कळलं. बॅकअपनंतर टाकलेलं जे काही तिच्यात होतं ते गेलं. डिस्क धडधाकट असताना गेलं, याचा राग आजही आहे. दोष होता लाल रंगाच्या, बिनक्लिपच्या, केबिनेटच्या पत्र्याला काटकोनात दाबून बसवलेल्या सॅटा केबलचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

हे होतं कसं, तर सॅटावरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या (डेटाच्या तुकड्याच्या) शेवटी ३२ बिटांचा सीआरसी असतो. पलीकडे तो जुळला नाही तर ती वाचण्या-लिहिण्याची कमांड पुन्हा दिली जाते. म्हणजे डेटा गुपचूप बिघडत नाही, वेळ जातो. चुका वाढल्या की लिंक ६ गिगाबिटवरून ३ वर, मग १.५ वर उतरते आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टम कंटाळून पोर्ट रीसेट करते. तेव्हाच डिस्क "गायब" होते. १९९चा आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे तो मोठा दिसला म्हणून घाबरू नका. आजचा आकडा लिहून ठेवा, क्लिपची नवी केबल लावा, पोर्टही बदला, दोनशे-तीनशे जीबी कॉपी करा आणि पुन्हा बघा. जागचा हलला नाही तर काम झालं. आणि केबल सारखी काढघाल करू नका. आतल्या सॅटा कनेक्टरला साधारण ५० वेळा लावण्या-काढण्याचंच आयुष्य धरलेलं असतं.

१९९ स्थिर आहे, डिस्क गायबही होत नाही, पण लिहिताना वेग पार कोसळतो, असं असेल तर डिस्क एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकवर लिहिणारी, म्हणून लिहिताना मंदावणारी) आहे का ते मॉडेल नंबरवरून तपासा. तो वेगळाच विषय आहे, पण लोक त्याचंही खापर सॅटावर फोडतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, सॅस घ्यावी का. आधी वेग बघू. सॅटा ३ कागदावर ६ गिगाबिट, एन्कोडिंगचा वाटा वजा जाता सेकंदाला ६०० एमबी. फिरणारी डिस्क ७२०० आरपीएमची असली तरी बाहेरच्या ट्रॅकवर फार तर २५०-२८० एमबी देते आणि आत जाता जाता निम्म्यावर येते. म्हणजे तिला सॅटाच पुरून उरतं, सॅसचे १२ गिगाबिट घेऊन ती करणार काय? सॅस चांगलंच आहे: दोन पोर्ट, लांब केबल, सर्व्हरसाठी हवं ते सगळं. पण घरच्या मदरबोर्डवर ते लागत नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. सॅस कार्डवर सॅटा डिस्क चालते, उलट चालत नाही. सॅस डिस्क टिकाऊ म्हणतात त्यात इंटरफेसपेक्षा आतल्या यंत्रणेचा आणि फर्मवेअरचा हात मोठा. साधी डिस्क न वाचता येणाऱ्या सेक्टरशी बराच वेळ झुंजत बसते, रेडसाठी (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या रचनेसाठी) बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते. अशा डिस्क सॅटातही मिळतात.

एनव्हीएमईची गोष्ट निराळी. तिथे तबकडीच नाही, आणि सॅटा डिस्कशी बोलायच्या एएचसीआय पद्धतीत ३२ कमांडची एकच रांग असते तिथे एनव्हीएमईत हजारो रांगा चालू शकतात. पीसीआयई ३च्या (मदरबोर्डवरच्या वेगवान मार्गाच्या) चार लेनवर ३५०० एमबीपर्यंत वेग मिळतो. ऑपरेटिंग सिस्टम आणि चालू कामाच्या फाइल्स तिथे खुशाल ठेवा. पण एनव्हीएमई ज्या एम.२ खाचेत बसते तो फक्त आकार आहे, त्यात सॅटा एसएसडीही येते, बघून घ्या. आणि बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एखादा सॅटा पोर्ट बंद पडतो. मॅन्युअल न वाचता बसवलीत तर डिस्क कायमचीच गायब झाल्यासारखी वाटेल आणि तुम्ही पुन्हा इथे पोस्ट टाकाल.

यूएसबी केसमध्ये टाकून वापरायचा विचारही तुम्ही लिहिलाय. माझं मत विरोधात, पण हे माझं मत आहे, कुणाचं वर्षानुवर्षं नीट चाललंही असेल. मधल्या ब्रिज चिपवर (सॅटाचं यूएसबी करणाऱ्या चिपवर) सगळं अवलंबून असतं. काही चिप स्मार्टचे आकडे पुढे जाऊच देत नाहीत, काही सेक्टरचा आकार बदलून दाखवतात, काही परस्पर एन्क्रिप्टही करतात. मग केस मेली की डिस्क चांगली असूनही सॅटावर लावल्यावर वाचता येत नाही.

पॉवरकडेही एक नजर टाका. मोलेक्समधून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या प्लगमधून) सॅटा पॉवर घेणारा, साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर आजच काढा, ते आतून शॉर्ट होऊन जळतात. दूर बसून निदान करतोय, मदरबोर्डचा कंट्रोलरही गेलेला असू शकतो. केबल बदलण्याआधीचा आणि नंतरचा १९९, दोन्ही आकडे टाका, मग पुढचं बोलू. आणि तोवर डिस्क कुठल्याही काउंटरवर देऊ नका.