पहिलीच स्पोर्ट्स कार सेकंडहँड घ्यायची आहे. काय बघावं, आणि ती सांभाळणं झेपेल का?

आजवर साधीच गाडी चालवली, आता हौसेखातर जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, फसू नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. सहा वर्षांपूर्वी मी याच पायरीवर उभा होतो. दोन सीटांची, कापडी छताची गाडी घेतली. ती अजून माझ्याकडेच आहे. फसलोही.

आधी पैशांचं बोलू. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना ज्या तोलामोलाचे ब्रेक, टायर आणि क्लच तिला लागायचे, तेच आजही लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून जवळ जे पैसे असतील त्यातला निदान पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघा. माझा तो हिस्सा चार महिन्यांत संपला. विम्याचा हप्ताही गाडी बघायला जायच्या आधीच विचारून घ्या. प्रेमात पडल्यावर माणूस हिशेब करत नाही.

मी भाळलो ते किलोमीटरच्या आकड्यावर. गाडी वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर धावलेली, म्हणजे जवळपास नवीच, असं मी धरून चाललो. पण उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, टायर कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. महिन्याभरात इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं. ते सील म्हणजे एक रबराची कडी, पण तिथवर पोहोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. त्यापेक्षा दुप्पट धावलेली, पण दर आठवड्याला रस्त्यावर आलेली आणि बिलांची जाडजूड फाइल असलेली गाडी मी आज डोळे झाकून घेईन. बरं, डोळे झाकून नाही. बिलांवरच्या तारखा आणि किलोमीटर एका ओळीत लावून बघा, आकडा मध्येच मागे गेलेला नाही ना. कमी धावलेल्या म्हणवणाऱ्या गाडीचं पेडलचं रबर गुळगुळीत आणि सीटची कड फाटलेली असेल, तर तिथूनच परत फिरा.

दुसरी चूक ओलीची. कापडी छतावरचं पावसाचं पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना बारीक वाट ठेवलेली असते. ती पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. मी गाडी बघायला गेलो तेव्हा आत सुगंधी फवारा मारलेला होता. सीटमागच्या गालिच्याखाली नुसता हात घातला असता तरी कळलं असतं. नाही घातला.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर ‘का’ ते विचारा. इंजिन गार असतानाच खरं बोलतं. सुरुवातीची पांढरी वाफ विरून जात असेल तर काही नाही. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, जळतंय आणि हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधल्या सीलचा, संशय घ्यायला हवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालवताना वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले पण वेग चढला नाही, तर क्लचप्लेट संपलेली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर पावसात धरत नाही. आणि शेवटी ते मॉडेल ओळखणाऱ्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून बघा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. तपासणीलाच नकार मिळाला तर तुमचे पैसे वाचले असं समजा.

प्रत्येक मॉडेलची एखादी जुनी खोड असते, ती आधी शोधून ठेवा. पहिल्या पिढीच्या पोर्श बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आतल्या इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग ही बदनाम जागा आहे. ते तुटलं तर इंजिनच जातं. त्यापर्यंत जायला गिअरबॉक्स काढावा लागतो, म्हणून जाणकार क्लच बदलतानाच ते बेअरिंगही बदलून घेतात. अशा गाडीच्या फाइलमध्ये ते बिल आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल. पहिल्याच वेळी घेत असाल तर मी 1989 पासून निघणाऱ्या माझदा मियाटाकडे बोट दाखवेन: हलकी, साधी, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, सुटे भाग आणि माहिती भरपूर. आधीच्या मालकाने हौसेने उंची कमी करून घेतलेली, इंजिनाची ट्यूनिंग बदललेली गाडी मात्र टाळा. त्याची हौस तुम्ही फेडू नका.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा) असेल आणि तो बदलल्याचा कागद नसेल, तर ‘बदललाय हो’ या शब्दावर विसंबू नका. ब्रेक ऑइलची गंमत अशी की ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 हा त्याचा नेहमीचा प्रकार, तो ताजा असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत खाली येते. घाटात एकामागून एक ब्रेक मारताना ते उकळलं तर पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो.

निघाल्यावर पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल अजून गारच असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं इंजिन पिदडू नका. आणि रोज जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा, म्हणजे इंजिनातली ओल उडून जाते.

झेपेल का म्हणाल, तर रोज कामावर जायला दुसरं काही साधन असेल तर झेपेल. माझी गाडी पहिल्या वर्षात एकूण सात आठवडे गॅरेजमध्ये होती. आता शांत आहे. दर पावसाळ्याआधी मी छताच्या त्या वाटांमध्ये वाकडी होईल अशी नायलॉनची दोरी घालतो आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतंय का बघतो.