आधी भिंत मोजा, मग फोटो निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोदाघाटाचे ४० फोटो निवडून ठेवलेत, तीन महिन्यांनी नाशिकमध्ये तीन दिवसांचं पहिलं एकल प्रदर्शन भरवायचंय, छपाईपासून उद्घाटनापर्यंत काय काय बघायचं, आणि पुढे तेच मुंबईला नेता येईल का?

४० हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. किती फोटो लागतील ते भिंत ठरवते. कुसुमाग्रज स्मारकातलं दालन घ्या नाहीतर एखाद्या महाविद्यालयाचा हॉल, पैसे भरण्याआधी मोजपट्टी घेऊन जा. वर फ्रेमा टांगायला रेल, म्हणजे भिंतीवरची आडवी धातूची पट्टी, आहे का, नसेल तर खिळा ठोकू देतात का, दिवे वळवता येतात की छताला नुसत्या ट्यूबलाइट आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आदल्या दिवशी दुपारपासून दालन ताब्यात मिळतं का. सकाळी चावी आणि संध्याकाळी उद्घाटन असं असेल तर मांडणी घाईत होणार आणि निम्म्या फ्रेमा तिरक्या लागणार.

आता हिशोब. धरा की १६ × २४ इंचाची आडवी प्रिंट आहे. चारही बाजूंनी ३ इंच माउंट (प्रिंटभोवतीची जाड कागदी चौकट) आणि १ इंचाची फ्रेमची पट्टी धरली की फ्रेम २४ × ३२ इंच होते. दोन फ्रेमांत १२ इंच अंतर हवं, आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना किमान दीड फूट मोकळं. ३० फुटांच्या, म्हणजे ३६० इंचांच्या भिंतीवर अशा सातच फ्रेमा बसतात: २२४ इंच फ्रेमा, ७२ इंच फटी, उरलेले ६४ इंच दोन टोकांना अर्धे अर्धे. २० फुटांच्या भिंतीवर चार. म्हणजे ३० × २० फुटांच्या हॉलमध्ये दाराची २० फुटी भिंत सोडली तर १८ फोटो. बाकीचे २२ घरी. फ्रेमा एकमेकींना चिकटवून किंवा दोन ओळींत लावून ४० बसवता येतात, पण मग पाहणारा एकाही फोटोसमोर थांबत नाही.

निवडीसाठी सगळ्या फोटोंच्या ४ × ६ च्या स्वस्त प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. स्क्रीनवर एकेक फोटो चांगला दिसतो. शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं की पाचांत एकच गोष्ट आहे. पुरात बुडालेला दुतोंड्या मारुती नाशिकच्या प्रत्येक फोटोग्राफरकडे असतो, तुमच्याकडेही असणारच. एक ठेवा, तोही वेगळा असेल तरच. रामकुंडावरच्या धुक्यातल्या सकाळीचंही तेच. क्रम लावताना तारखेपेक्षा प्रकाश आणि नजरेची दिशा बघा. शेवटच्या फ्रेममधला माणूस भिंतीबाहेर बघत असेल तर पाहणाराही तिकडेच वळतो, म्हणून असा फोटो त्यातला माणूस भिंतीच्या आत बघेल अशा टोकाला बसवा.

छपाईचं गणित सोपं आहे. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. १६ × २४ ला बरोबर २५० डीपीआय (इंचाला २५० ठिपके) मिळतात, जे उत्तम. २० × ३० ला २०० मिळतात, तेही चालतं, कारण एवढ्या मोठ्या फोटोकडे कोणी नाक लावून बघत नाही. क्रॉप करून निम्मे पिक्सेल उडवले असतील तर मात्र १२ × १८ वर थांबा. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोचं प्रमाण ४:३ असतं, त्याची १२ × १६ सुरेख येते. ती १६ × २४ च्या चौकटीत कोंबली की वरखाली कापली जाते आणि लॅबवाला विचारत नाही.

पहिल्या प्रदर्शनातली नेहमीची तक्रार म्हणजे 'प्रिंट काळ्या आल्या'. बहुतेक वेळा दोष लॅबचा नसतो, मॉनिटरचा असतो. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलं की फोटो डोळ्याला उजळ दिसतो आणि आपण तो कमी उजळवतो. मॉनिटर कॅलिब्रेट करून (साधनाने त्याचे रंग आणि उजेड प्रमाणात आणून) १०० कॅन्डेलाच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आसपास ठेवा. साधन नसेल तर पांढरा कागद खोलीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्याच्याएवढा होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नेहमीच्या लॅबला फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतच द्या. अॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतली फाइल प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) न वाचणाऱ्या मशीनवर गेली की रंग मरगळतात. साधूंच्या भगव्या वस्त्रांकडे विशेष लक्ष द्या. हा रंग स्क्रीनवर झळकतो, पण कागदाच्या आवाक्याबाहेर जातो, आणि मग कफनीच्या घड्या जाऊन एकसलग नारिंगी ठिगळ उरतं. त्या भागाचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) थोडं उतरवलं की घड्या परत येतात. पूर्ण ऑर्डरआधी चार अवघड फोटोंच्या ४ इंच रुंद पट्ट्या छापून घ्या आणि त्या लॅबच्या काउंटरवर न बघता दालनातल्या दिव्यांखाली बघा.

कागद लस्टर (मंद चमकीचा) किंवा मॅट (बिनचमकीचा) घ्या. ग्लॉसी नको, वर काच असली की दुहेरी चकाकी येते. विक्री करायची असेल तर कॉटन कागदावर पिग्मेंट शाईची प्रिंट घ्या. महाग पडते, पण ग्राहकाला टिकण्याची खात्री देता येते. नुसतं पाहण्यासाठी असेल तर लॅबची लस्टर पुरते.

फ्रेम हा खर्चाचा सगळ्यात मोठा भाग, प्रिंटपेक्षा जास्त. वाचवायला म्हणून प्रिंट सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डावर) चिकटवून तशीच लावतात. तीन दिवसांना ते चालून जातं, पण ३ मिलिमीटरचा बोर्ड मोठ्या आकारात धनुष्यासारखा वाकतो. निदान ५ चा घ्या. काचेची फ्रेम करणार असाल तर माउंट टाळू नका. माउंटमुळे प्रिंट आणि काच यांत हवा राहते. श्रावणातल्या दमट हवेत फोटोचा थर मऊ होतो आणि काचेला टेकलेली प्रिंट तिला कायमची चिकटते, सोडवायला गेलं की चित्रच निघून येतं. माउंट आणि मागचा बोर्ड अॅसिडमुक्त मागा. प्रिंटला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेप लावा, म्हणजे हवेनुसार ती पसरू-आकसू शकते. चारही बाजूंनी सेलोटेप मारली की मध्ये फुगा येतो. वजनाचंही बघा: या मापाची २ मिलिमीटर काच अडीच किलोच्या घरात जाते, अॅक्रिलिक त्याच्या निम्मं. अॅक्रिलिकवर ओरखडे पटकन पडतात आणि धूळ ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसलं की आणखी ओढली जाते, फडकं किंचित ओलं हवं.

टांगताना फोटोंच्या वरच्या कडा जुळवू नका, मध्य जुळवा. मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर. हुकाची उंची अशी काढा: ५७ अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग, वजा तार ताणल्यावर तिचा वरचा बिंदू फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितका खाली असेल तेवढं. आपल्या २४ इंची फ्रेमची तार ३ इंच खाली असेल तर ५७ + १२ − ३, म्हणजे ६६ इंच. तार ढिली असताना मोजू नका, बोटाने वर ओढून मोजा. मागच्या कड्या वरून एक तृतीयांशावर लावा. त्याहून खाली गेल्या तर फ्रेम पुढे झुकते आणि काचेत छताचे दिवे दिसतात. रेलवरून टांगत असाल तर प्रत्येक फ्रेमला दोन दोऱ्या. एका दोरीवरची फ्रेम कोणाचा खांदा लागला की फिरते. नायलॉनची बारीक दोरी वजनाने रात्रभरात ताणली जाते, म्हणून तिच्यावर टांगलेली ओळ सकाळी पुन्हा लेव्हल लावून सरळ करावी लागते. स्टीलची तार घेतलीत तर हा त्रास नाही.

दिवे ३००० केल्विन (पिवळसर उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, आणि उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात. त्याहून आडवे असतील तर पाहणाऱ्याची सावली फोटोवर पडते, जास्त उभे असतील तर फ्रेमच्या पट्टीची सावली माउंटवर येते. ट्यूबलाइटच असतील तर काचेची फ्रेम सोडा आणि मॅट प्रिंट बोर्डवर लावा. खिडकीसमोरच्या भिंतीवर गडद फोटो ठेवू नका, त्यात पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसेल.

नावाची पट्टी फ्रेमच्या उजवीकडे खाली, सगळ्यांना एकाच उंचीवर, अक्षर १६ ते १८ पॉइंट. शीर्षक, ठिकाण, वर्ष, एवढं पुरे. 'श्रद्धेचा प्रवाह' छापाची शीर्षकं नकोत, 'नारोशंकराची घंटा, २०२३' हे जास्त सांगतं.

छापायला देण्याआधी हक्कांचा प्रश्न मिटवा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा. पण कोणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, उदाहरणार्थ घाटावरचं प्रीवेडिंग, वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याच्या मालकीचा असतो. तो लावायचा तर लेखी परवानगी घ्या. कुंडावर स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो मी तरी लावू नका म्हणेन, कायदा काहीही सांगो. गावातलं प्रदर्शन आहे, त्या बघायला येऊ शकतात.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ठेवा, म्हणजे पूर्ण रविवार हातात राहतो. समई दालनाच्या दाराबाहेर. आत ठेवली की तेल सांडतं, काजळी जवळच्या प्रिंटवर बसते आणि पहिली भिंत हारतुऱ्यांच्या टेबलामागे झाकली जाते. पाहुणा एकच, भाषणं मिळून २० मिनिटं. तीन पाहुणे बोलावलेत तर शाल-श्रीफळातच पाऊण तास जातो आणि लोक फोटो न बघता चहाकडे वळतात. चहा आणि चिवडा बाहेरच, तेलकट बोटांचे ठसे अॅक्रिलिकवरून सहज जात नाहीत. वर्तमानपत्रांच्या नाशिक आवृत्त्यांना तीन-चार दिवस आधी १५० शब्दांची बातमी आणि दोन फोटो पाठवा. वेळ, पत्ता आणि 'प्रवेश विनामूल्य' पहिल्याच परिच्छेदात.

विक्री होणार असेल तर प्रत्येक फोटोच्या किती प्रती काढणार ते आधीच जाहीर करा आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने क्रमांक व सही घाला. दहा म्हटलं की अकरावी नाही, वेगळ्या आकारातली काढायची असेल तर तेही आधीच सांगा.

मुंबईला तर जाच, पण घाई नको. १९५२ पासूनच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारखेसाठी थांबावं लागतं, म्हणून नाशिकचं प्रदर्शन चालू असतानाच मांडलेल्या भिंतींचे फोटो काढून अर्जाला जोडा. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेची पिरामल गॅलरी तर खास फोटोग्राफीसाठीच आहे. खासगी गॅलऱ्या विक्रीतला मोठा वाटा घेतात, तो धरून किंमत लावा. नाशिकला एक आणि मुंबईला दुसरी किंमत ठेवू नका, ग्राहकांना कळतं.

फ्रेमा नेताना जोडीने बांधा, काच समोरासमोर आणि मध्ये पुठ्ठा. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर उन्हात तापलेल्या गाडीत त्यांचे गोल ठसे उमटतात. टेम्पोत फ्रेमा उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर कसारा घाटात खालची काच जाते. आणि प्रत्येक मापाची एक रिकामी फ्रेम जास्तीची बरोबर असू द्या.