आकडा माग

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या आमदार साहेबांनी विधिमंडळात विचारायचे दोन प्रश्न एकाच दिवशी तयार करायला सांगितले, एक कंत्राटी कामगारांच्या थकलेल्या पगाराचा आणि दुसरा उद्योगांच्या रखडलेल्या परवानग्यांचा, आणि तुला पडलं कोडं की आपण नक्की कोणाच्या बाजूचे. वकिली शिकून, युनियनच्या ऑफिसात उमेदवारी करून आलेल्या मुलीला हे कोडं पडतं याचं बरं वाटलं. मग तू जोडलेले दोन्ही मसुदे उघडले आणि डोकं फिरलं. ते कोणाच्याच बाजूचे नाहीत.

पहिलाच घे. 'औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांना वेळेवर वेतन मिळत नाही, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' याचं उत्तर मी इथे घरी बसून लिहून देतो. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. झालं. मंत्री सुटले, कामगार आयुक्तालय सुटलं, कंत्राटदाराला तर कळलंसुद्धा नाही की त्याच्याबद्दल कोणी काही विचारलं होतं.

विधिमंडळाच्या प्रश्नाची चौकट ठरलेली आहे, ती तू मोडू शकत नाहीस. पण आत काय भरायचं ते तुझ्या हातात आहे. म्हणून पहिली आणि शेवटची गोष्ट सांगतो: आकडा माग. या जिल्ह्यात परवानाधारक कंत्राटदार किती? त्यांच्याकडे कामगार किती? गेल्या तीन वर्षांत तपासण्या किती झाल्या, खटले किती भरले, निकाल किती लागले, दंड किती वसूल झाला? याला 'हे खरे नाही' असं उत्तर देता येत नाही. आणि भविष्य निर्वाह निधीवर विचारू नकोस, 'ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे' एवढंच छापून येईल. राज्याच्या कार्यालयातल्या नोंदवहीत जे आहे तेच विचार, म्हणजे पळवाट उरत नाही.

तू म्हणशील, आकड्याने काय होतं. बीड आठव. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात हे गावोगाव माहीत होतं. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाचा खाडा पडला तरी दंड, मग बाईला पाळीचं दुखणंही परवडत नाही. हे वर्षानुवर्षं बोललं जात होतं आणि बोलणं हवेत विरत होतं. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत विषय आला आणि आरोग्यमंत्र्यांना सभागृहात सांगावं लागलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्या दिवसापासून 'असं काही होत नाही' म्हणायची सोय संपली. समिती नेमली गेली, नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष झाल्या. मी मात्र तेव्हा पेपर वाचताना चरफडत होतो. त्या ४,६०५ पैकी ऊसतोड करणाऱ्या किती? चाळिशीच्या आतल्या किती? पहिला आकडा मिळाला की दुसरा मागायचा असतो. टाळ्या पडल्या की लोक दुसरा मागायचं विसरतात.

आता माझंच सांगतो, कारण तू विचारलंस की तुम्ही आमदारांच्या ऑफिसातलं काम का सोडलं. आमच्या साहेबांनी एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांवर तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा, टाकला होता. मसुदा माझा. प्रश्न वरच्या क्रमांकावर आला. कामगारांना प्रेक्षक गॅलरीचे पास मीच काढून दिले होते, रात्रीच्या एसटीने आले होते बिचारे, इस्त्रीचे शर्ट घालून. प्रश्न पुकारला गेला तेव्हा साहेब सभागृहात नव्हते. लॉबीत होते. कोणाबरोबर होते ते मी पाहिलं, आणि तिथेच माझं त्या ऑफिसातलं मन उडालं.

गॅलरीतून उतरलेल्या त्या माणसांच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला झालं नाही, ही खंत आहे आणि राहील. पण उत्तर छापलेलं होतं. प्रश्नोत्तरांच्या त्या छापील यादीत खात्याने स्वतःहून कंत्राटी कामगारांची संख्या दिली होती, आणि कंपनी कामगार न्यायालयात सांगत होती त्यापेक्षा ती कितीतरी जास्त होती. तो कागद मी युनियनला दिला, वकिलांनी तो दाखल केला. साहेब लॉबीत बसले, आकडा बसला नाही. म्हणून तर मी हट्टाने सांगतो. तुझ्या ऑफिसातले जुने लोक म्हणतील, म्हातारा चक्रम होता, भाषणाची जोरदार वाक्यं कधी लिहून दिली नाहीत, साहेबांची बातमी होऊ दिली नाही. खरं आहे. भाषणं लिहिणारे पुढे महामंडळांवर गेले, मी परळच्या खोलीत आलो. त्याचं मला काही वाटत नाही. (थोडं वाटतं. असो.)

आता तुझा दुसरा मसुदा, ज्याची तुला लाज वाटली. लाज कसली? लहान कारखानदार पगार का थकवतो ते कधी विचारलंयस? सगळेच काही लबाड नसतात. मोठी कंपनी त्याचं बिल चार-चार महिने अडकवते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. कागदावर. तेव्हा विचार: थकलेल्या बिलांचे हे वाद जिथे जातात त्या राज्यातल्या सुलभीकरण परिषदांकडे अशी प्रकरणं किती पडून आहेत, किती रकमेची आहेत, निकाल लागलेल्यांपैकी वसुली कितींची झाली? शासनाच्या खात्यांनी आणि महामंडळांनीच लहान पुरवठादारांचे किती थकवलेत तेही विचार. त्या एका आकड्यात मालकही आहे आणि त्याच्या शॉप फ्लोअरवरचा हेल्परही आहे. 'व्यवसायसुलभता' या शब्दाला नाक मुरडून तुझं काही साधणार नाही.

आणि सवलती मिळतात तिथे तर सोडूच नकोस. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत कोणत्या उद्योगाला किती अनुदान दिलं, त्याने किती रोजगार कबूल केला होता, आज त्याच्या हजेरीपटावर किती आहेत, त्यात कायम किती, कंत्राटी किती, ८० टक्के स्थानिकांची अट पाळली का? सामंजस्य करारांच्या लाखो कोटींवर सगळे बोलतात, हजेरीपटावर कोणी बोलत नाही.

तू नव्या श्रम संहितांबद्दल चिडून लिहिलंयस. चीड. पण चिडून झाल्यावर आकडा माग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत गेले. आधी १०० कामगारांपासून पुढच्या कारखान्याला ले-ऑफ द्यायला, कामगारकपात करायला किंवा कारखाना कायमचा बंद करायला शासनाची पूर्वपरवानगी लागायची, आता ती ३०० पासून लागते. 'कामगारविरोधी धोरण' असं लिहिलंस तर मंत्री धोरणाचं समर्थन वाचून दाखवतील. त्यापेक्षा विचार: महाराष्ट्रात १०० ते २९९ कामगार असलेले कारखाने किती आणि त्यांत कामगार किती? म्हणजे किती लोकांच्या डोक्यावरचं या परवानगीचं छप्पर गेलं ते शासनाच्याच तोंडून येईल. तसंच कामाच्या तासांचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजच्या नऊ तासांची मर्यादा बारापर्यंत न्यायला मान्यता दिली, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास. म्हणे कामगाराची लेखी संमती घ्यायची. किती संमतिपत्रं आली, ती तपासतं कोण, आणि तपासणारे निरीक्षक आहेत किती, मंजूर पदं किती, रिकामी किती? डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये परत झाला. मधल्या आठ वर्षांत रिकाम्या पदांचा आकडा दर अधिवेशनात कोणीतरी मागायला हवा होता.

उतावीळ होऊ नकोस एवढंच. लोअर परळला ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून तू रोज जातेस ते ना. म. जोशी निवडून आलेले नव्हते, कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले होते. १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी कामगार संघटनांच्या कायद्याचा ठराव आणला, कायदा झाला १९२६ मध्ये. १९२४ मध्ये बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं, ते पडलं. मुंबई प्रांताने तसा कायदा केला १९२९ मध्ये, त्याच्या आदल्या वर्षी बाबासाहेबांनी प्रांतिक कायदेमंडळात त्याच्या बाजूने भाषण केलं होतं. तुला पहिल्याच अधिवेशनात निकाल हवाय.

साहेब प्रश्न मागे घ्यायला सांगतील, तो दिवस येईलच. नोकरी तुझी, निर्णय तुझा. पण तोवर छापील यादीत जे जे उतरवून घेता येईल ते उतरवून घे, आणि प्रत्येक यादीची एक प्रत घरी ठेव.

दोन्ही मसुदे नव्याने लिहून उद्या दुपारपर्यंत पाठव. विशेषणं काढ. 'गोरगरीब', 'पिळवणूक', 'संतापाची लाट' सगळं काढ. प्रश्नांची सूचना द्यायची मुदत परवा संपतेय आणि ऑनलाइनचं ते पोर्टल शेवटच्या दिवशी हमखास बसतं.

तुझा,
काका