फोटोतलं नाक

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची आहे. डेटिंग अ‍ॅपवर एकाशी तीन आठवडे रोज रात्री बोलत होते. पहिल्या व्हिडिओ कॉलनंतर 'फोटोत वेगळी दिसतेस' एवढंच लिहून त्यानं मला ब्लॉक केलं. माझं नाक मोठं आहे. नाक बारीक दाखवणारा फिल्टर लावू का?

उत्तर : नको गं. तुझं पत्र वाचून मला त्या माणसाचा रागच आला. तीन आठवड्यांच्या गप्पांचं मोल त्यानं एका कॉलवर ठरवलं.

आधी नाकाबद्दल. हातभर अंतरावरून फोन धरला की कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ नाकच असतं, म्हणून ते फुगलेलं दिसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला : पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, एका फुटावरच्या सेल्फीत नाक जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं. व्हिडिओ कॉलवरही फोन असाच जवळ असतो. तेव्हा मैत्रिणीला पाच-सहा फूट लांब उभी करून, दिवसाच्या उजेडात फोटो काढून घे.

आणि फिल्टर लावलास तर प्रत्येक भेटीआधी धाकधूक तुलाच. माझ्या उजव्या गालावर भाजल्याचा डाग आहे. कित्येक वर्षं मी फोटोत डावा गालच पुढे करायचे आणि भेटायच्या दिवशी पोटात गोळा यायचा. शेवटी डाग दिसेल असाच फोटो लावला. मेसेज कमी झाले, खरंच कमी झाले. पण जे भेटले, त्यांच्यापुढे मान वळवून बसावं लागलं नाही.

पुढच्या वेळी व्हिडिओ कॉल पहिल्या दोन-चार दिवसांतच कर. तीन आठवडे जीव गुंतवू नकोस.